बाई म्हणा, पण ‘तुम्ही’ म्हणा

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक इंग्रजी पत्रक मराठीत करायला आलं. गरोदरपणातल्या धोक्याच्या खुणांचं, दोनच पानांचं. आरोग्याची पत्रकं मराठीत आणि कोंकणीत उतरवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम, त्यामुळे डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं ही यादी मला पाठ आहे. या वेळी नवीन एवढंच होतं की त्या दोन पानांत ‘बाई’ कुठेच नव्हती. जिथे तिथे ‘प्रेग्नंट पर्सन’. मी ‘गरोदर व्यक्ती’, ‘गरोदर व्यक्तीने’, ‘गरोदर व्यक्तीला’ असं लिहीत गेले.

छापायला देण्याआधी मजकूर कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा, ही माझी सवय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात ओळखीची मावशी आहे, तिच्याकडे गेले. ती पडवीत बसून भिकणांची, म्हणजे फणसाच्या आठळ्यांची, लाल माती धूत होती. सून शेजारी, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. मी पहिला परिच्छेद वाचला. मावशीचे हात थांबले.

‘बाये, ही व्यक्ती म्हळ्यार कोण?’

मी म्हटलं, जिला दिवस गेलेत ती.

‘म्हळ्यार गुरवार बायल? मगीर तशें बरय.’ मग सुनेकडे मान वळवून म्हणाली, ‘ताका सातवो म्हयनो. ताका कळूंक जाय मगो.’ म्हणजे, गरोदर बाई ना, मग तसं लिही; हिला सातवा महिना, हिला कळायला हवं ना.

ज्या सुनेसाठी ते पत्रक होतं तिला ते आपल्याबद्दल आहे हेच कळलं नव्हतं. पण नुसतं ‘बाई’ लिहून विषय संपत नाही हेही मला ठाऊक होतं, कारण त्याच सुमारास ओळखीतल्या एका मुलाची हकीकत कानावर आली होती. ती पुढे सांगते.

बाई म्हणून न जगणाऱ्यांनाही दिवस जातात, म्हणून पत्रकात ‘बाई’ लिहावं की ‘व्यक्ती’, हा वाद आपल्याकडे इंग्रजीतून आला आहे, म्हणून आधी तिथलं थोडक्यात. २०२१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयांनी प्रसूती विभागासाठी नवी शब्दावली जाहीर केली. ‘स्त्रिया’च्या जोडीला ‘जन्म देणाऱ्या व्यक्ती’, ‘ब्रेस्टफीडिंग’च्या जोडीला ‘चेस्टफीडिंग’. जुन्या शब्दांच्या जोडीला नवे, एवढंच होतं. ‘आई’ हा शब्द तिथे कुणी पुसला नव्हता, तरी बातम्या तशाच झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने मुखपृष्ठावर एक वाक्य छापलं, त्यात बायकांसाठी ‘योनी असलेली शरीरं’ असा शब्दप्रयोग होता. ते वाक्य ज्या लेखातून उचललं तो लेख पाळीवरच्या एका प्रदर्शनाबद्दल होता, बायकांच्या शरीराकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल होता. जगभरातल्या बायका संतापल्या, त्यांत डॉक्टर बायकाही होत्या. संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी माफी मागितली. पुढच्या वर्षी कार्लीन ग्रिबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहून बजावलं की गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान यांबद्दल लिहिताना ‘स्त्री’ आणि ‘आई’ हे शब्द गाळले तर मजकूर धूसर होतो, आणि ज्यांना भाषा कमी येते त्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं.

मला ब्रायटनचं पटतं, लॅन्सेटचं पटत नाही. गोव्यातल्या मराठी माणसाला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीचाही सरकारी कामात वापर करता येईल असं म्हटलं. त्या एका ‘ही’साठी इथे काय काय झालं ते आमच्या पिढीने पाहिलं आहे. आपल्या भाषेला कागदावर जागा मागताना माझ्यासारख्यांनी कधी कोंकणी पुसा म्हटलं नाही. शेजारी आमचाही शब्द असू द्या, एवढंच मागणं होतं. बाळंतपणाच्या पत्रकावर कुणी तसंच म्हणत असेल तर मी ते ऐकून घेईन. बाईला तिच्या एका अवयवावरून ओळखायचं ठरवत असतील तर ऐकणार नाही.

आता आपल्या भाषेकडे येते, कारण खरी गुंतागुंत इथे आहे आणि तिची चर्चा कुणी करत नाही. ‘पर्सन’ला इंग्रजीत लिंग नाही. मराठीतली ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आहे. ‘गरोदर व्यक्ती आली, तिचा रक्तदाब तपासला, तिला दाखल केलं.’ ज्या माणसाला ‘ती’ नको म्हणून हा खटाटोप, त्याला पानभर ‘ती’च वाचावं लागतं. आणि मावशीच्या सुनेला ती आपली वाटतच नाही. एका शब्दाने दोघांनाही दूर लोटलं. ‘रुग्ण’ म्हणावं तर तो पुल्लिंगी, शिवाय गर्भारपण हा रोग नव्हे. ‘पालक’ म्हणावं तर लोहाच्या गोळ्या आईने घ्यायच्या की बापाने, हा घोळ होतो. राहिलं आपलं तिसरं लिंग. पण व्याकरणाने त्याला नावच ‘नपुंसक’ असं दिलं आहे, आणि मोठ्या माणसाला तोंडावर ‘ते आलं, ते बसलं’ म्हणणं हा मराठीत धडधडीत अपमान आहे.

कोंकणीत मात्र तसं नाही. तरण्या मुलीला, धाकट्या सुनेला आमच्याकडे ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’, ‘तें गेलें’. मावशीने सुनेसाठी वापरलेलं ‘ताका’ हे रूपही ‘तिका’ नव्हे. मुलग्यासाठी जे वापरतात तेच. बाई स्वतःबद्दल बोलतानासुद्धा ‘हांव गेलें’ म्हणते, पुरुष ‘हांव गेलों’ म्हणतो. या ‘तें’मध्ये माया आहे, मी स्वतः ते ऐकत वाढले. पण ‘तें’ म्हटल्याने कुठल्या सुनेच्या डोक्यावरची घागर उतरली नाही की ताटात आधी मासळी पडली नाही. नपुंसकलिंगी सर्वनामाने समता येणार असती तर ती गोव्यात कधीच आली असती. म्हणून सर्वनाम बदललं की माणूस सुधारतो, असं जेव्हा मी इंग्रजी लेखांत वाचते तेव्हा मला ते खरं वाटत नाही.

उलट ज्यासाठी इंग्रजीत नवे शब्द घडवावे लागतात त्यातलं बरंच मराठीत आधीपासून आहे. ‘चेस्टफीडिंग’वरून तिकडे एवढं रान पेटलं. आमच्या आज्या ‘अंगावर पाजणं’ म्हणत आल्या. त्यात स्तनही नाही आणि छातीही नाही, आहे ते अंग. पत्रकं लिहिणाऱ्यांनी ‘स्तनपान’ हा शब्द आणला आणि बायकांनी तो लाजत लाजत स्वीकारला. दिवस जाणं, कळा येणं, पाळी चुकणं, अंगावरून जाणं, पिशवीचं तोंड उघडणं, वार पडणं. शरीराचं सगळं या शब्दांत आहे आणि बाई-पुरुष असा शिक्का कशावरच नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्याच्या तपासणीच्या फलकावर ‘गर्भाशयमुख असलेल्या व्यक्तींनी’ असं लिहिलं तर त्या दाराला दोन कुलपं लागतात, कारण ‘व्यक्ती’ कळत नाही आणि ‘गर्भाशयमुख’ त्याहून कळत नाही. ‘बायांनो, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या’ म्हटलं की शिबिरात बाया येतात. मी हे पाहिलं आहे.

आणि ‘बाई’ हा शब्द आपल्याला सहज मिळालेला नाही. कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक दिसतो. तो १९९४ च्या कायद्याने लागला, कारण पोटात मुलगी आहे एवढ्यावरून तिला मारलं जात होतं. लिंगाचं नाव घेतल्याशिवाय तो गुन्हा सांगता येत नाही, मोजता येत नाही, थांबवताही येत नाही. बाळंतपणात कोण मरतं याचा आकडा बायकांचा म्हणूनच ठेवावा लागतो. जिथे बाई म्हणून अन्याय होतो तिथे बाईचं नाव मिटवणारी भाषा मला मान्य नाही, ती कितीही चांगल्या हेतूने आलेली असो.

आता तो मुलगा. त्याला विचारून लिहिते आहे. वय पंचवीसच्या आतबाहेर. जन्माला मुलगी म्हणून आला, गेली काही वर्षं मुलगा म्हणून जगतो, कागदपत्रं अजून जुन्या नावावर. दोन महिने रक्तस्राव थांबेना म्हणून तो एका रुग्णालयात स्त्रीरोग विभागात गेला. बाकावर तासभर बायकांच्या रांगेत बसला. खिडकीतून ‘कुमारी’ लावून जुनं नाव पुकारलं गेलं आणि तो उठला तेव्हा सगळा बाक वळून पाहू लागला. आत डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, ‘दोन महिने झाले, मागच्या आठवड्यातही येऊन गेलो.’ डॉक्टरांचं पेन थांबलं. ‘गेलो?’

इंग्रजीत हा प्रसंग घडला नसता. तिथे ‘मी’ म्हटल्यावर लिंग कळत नाही. मराठीत माणूस स्वतःबद्दल एक साधं वाक्य बोलला की त्याला ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांतून एक निवडावं लागतं, कोंकणीत ‘गेलों’ आणि ‘गेलें’. त्याने ‘गेलो’ म्हटलं ते त्याचं खरं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यांचा रक्तस्रावाशी काहीही संबंध नव्हता. तो तपासणी न करता निघून आला. महिन्याभराने दुसरीकडे रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं की दाखल करून रक्त चढवावं लागलं.

मी त्याला विचारलं, फलकावर ‘बाई’ऐवजी ‘व्यक्ती’ असतं तर तू बसून राहिला असतास का? त्याने नकारार्थी मान हलवली. ‘सगळ्या बायकांना व्यक्ती म्हणा असं मी कुठे सांगतोय? केसपेपरवर माझं नाव लिहा, त्या नावाने बोलवा. आणि दुखतंय कुठे ते विचारा.’

अशी माणसं असून असून किती, असं मला पुष्कळदा ऐकावं लागतं. पण आमच्या पत्रकांत वार खाली सरकण्याबद्दल लिहितो, गरोदरपणातल्या झटक्यांबद्दल लिहितो. त्या गोष्टीही थोड्यांनाच होतात. थोड्यांना होतात म्हणून वैद्यकात कुणी त्या गाळत नाही, कारण ज्याला होतात त्याचा जीव जाऊ शकतो. २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला एक प्रसंग छापून आला. पोटात दुखतं म्हणून बत्तीस वर्षांचा एक पुरुष तातडीच्या विभागात आला. नोंदीत पुरुष होता. तो पारपुरुष होता, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून आलेला आणि पुरुष म्हणून जगणारा, आणि गरोदर होता. घरी केलेली चाचणी होकारार्थी आल्याचं त्याने सांगितलंही, तरी त्याच्या दुखण्यामागे गर्भारपण असेल हे लक्षात येऊन धावपळ व्हायला तास उलटले. बाळ वाचलं नाही. मी हा प्रसंग दोन्ही बाजूंच्या लोकांपुढे ठेवते. शरीराची खरी नोंद हवी, म्हणजे कागदावर नुसतं ‘पुरुष’ लिहून डॉक्टरने डोळे मिटायचे नाहीत. आणि समोरच्या माणसाला इतकं सुरक्षित वाटायला हवं की तो ‘मला दिवस गेलेत’ हे वाक्य बोलेल आणि ऐकणारा ते ऐकेल. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेत असलेल्यालाही दिवस जाऊ शकतात, हे किती डॉक्टर स्वतःहून सांगतात?

आपली न्यायालयं यात बऱ्याच पुढे आहेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत घेतलं, आणि त्याच निकालात सांगितलं की इथे ‘स्त्री’ म्हणताना गर्भपाताची गरज पडू शकेल अशा इतरांचाही समावेश आहे. शब्द तोच ठेवला, त्याचं अंगण मोठं केलं. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ‘प्रेग्नंट पर्सन’ हा शब्द वापरला आणि का वापरतो तेही लिहिलं. मला आधीची रीत जास्त जवळची वाटते. केरळात झहाद या पारपुरुषाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बाळाला जन्म दिला. तो आणि त्याची जोडीदार झिया यांना जन्मदाखल्यावर ‘आई’ आणि ‘वडील’ या रकान्यांऐवजी ‘पालक’ असं हवं होतं. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तसा दाखला देण्याचा आदेश दिला. एका कुटुंबाचा दाखला बदलल्याने बाकी लाखो दाखल्यांवरची ‘आई’ कुठेही गेली नाही.

कायद्यातले शब्द बदलले की आयुष्यं बदलतात, याचं मला सर्वांत मोठं वाटणारं उदाहरण मात्र दुसरंच आहे. २०२१ च्या दुरुस्तीत गर्भपात कायद्यातला ‘पती’ जाऊन ‘जोडीदार’ आला. रुग्णालयाच्या कितीतरी छापील अर्जांवर अजून ‘पतीचे नाव’ हाच रकाना आहे. लग्न न झालेली मुलगी तिथे पेन घेऊन थबकते. ज्या बाईचं बाळ पोटातच गेलं तिला वॉर्डमध्ये ‘आई’ म्हणून हाक मारतात. योजनांची नावं ‘जननी’, ‘मातृ’, ‘माता’. म्हणजे सरकारला बाई दिसते ती कुणाची तरी आई झाल्यावर. सर्वसमावेशक भाषेबद्दल बोलताना या बायका मोजल्या जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणि ‘तू’बद्दल तर कुणीच बोलत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी टेबलावर होते, कळा येत होत्या. वर पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. ‘वर चढ.’ ‘पाय फाक.’ ‘ओरडू नको.’ आणि मग ते वाक्य, जे या देशातल्या असंख्य बायकांनी ऐकलं आहे: ‘तेव्हा बरं वाटलं, आता कशाला बोंबलतेस?’ बोलणारी बाईच होती. मला ‘स्त्री’ म्हटलं की ‘व्यक्ती’ म्हटलं याने त्या खोलीत काही फरक पडला नसता. ‘तुम्ही’ म्हटलं असतं तर पडला असता. पूर्वी वैजीण, म्हणजे सुईण, घरी यायची, ‘बाय’ म्हणून पाठीवर हात फिरवायची. आता गोव्यात जवळजवळ सगळीच बाळंतपणं रुग्णालयात होतात. जीव वाचतात, हे फार मोठं काम झालं; म्हणूनच त्या खोलीतली भाषा आता प्रत्येक घराची बाब आहे. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत बाळंतपणात सन्मानाने वागवण्याचा आग्रह आहे. मराठीत त्या सन्मानाला एक नेमकं रूप आहे आणि ते फुकट मिळतं.

याची मला जाणीव झाली ती ते पत्रक पुन्हा लिहायला बसले तेव्हा. ‘तू आलीस’ म्हटलं की समोर बाई ठरली, ‘तू आलास’ म्हटलं की पुरुष ठरला. ‘तुम्ही आलात’मध्ये कुणीच ठरत नाही. ‘तुम्हाला कधीपासून दुखतंय?’ ‘पाळी कधी आली होती?’ ‘तुम्ही गोळ्या घेताय ना?’ मावशीची सून आणि तो मुलगा, दोघांनाही ही वाक्यं जशीच्या तशी चालतात. मी ‘गरोदर व्यक्ती’ सगळीकडून काढली आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तुम्ही थांबू नका, लगेच दवाखान्यात या’ अशी वाक्यं केली. मथळ्यात ‘गरोदर बायांसाठी’ ठळक ठेवलं. खाली एक ओळ घातली: ‘लग्न झालेलं असो वा नसो, तुम्ही बाई म्हणून जगत असा वा नसा, दिवस गेले असतील तर या खुणा तुमच्यासाठीही आहेत.’ पत्रक पाठवणाऱ्यांना आधी मथळा खटकला, त्यांच्यातल्याच दुसऱ्या कुणाला खालची ओळ खटकली. मी दोन्ही सोडल्या नाहीत.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर ते घेऊन पुन्हा सत्तरीला गेले. सून बाळंत झाली होती, आतल्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. मी शेवटपर्यंत वाचलं. खालच्या ओळीपाशी मावशीने मला पुन्हा वाचायला लावलं. बाई म्हणून न जगणारा आणि तरी दिवस गेलेला कोण, हे तिला विचारायचं होतं. मी तिला त्या मुलाचं सांगितलं, रक्तस्रावाचं, बाकाचं, तो उठून निघून आल्याचं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याला दुखत होतं ना, मग डॉक्टरांनी त्याला बघायला हवं होतं. तिच्या शब्दांत, ‘ताका दुखतालें मगो? मगीर दोतोरान ताका पळोवंक जाय आशिल्लें.’